उजवी चप्पल

त्या शुक्रवारी पाक मार्तोनो नमाजाहून घरी आले ते दोन पायांत दोन निराळ्या चपला घालून. डावी त्यांची होती. उजवी कुणा दुसऱ्याची, बोटभर मोठी, चालताना फटफट वाजणारी.

त्यांची मुलगी निकेन ताटं मांडत होती. तिने कोंबडीच्या रश्श्याचा सोतो वाढला, सोयाबीनचे तळलेले तेंपे मध्ये ठेवले आणि दाराकडे पाहिलं.

"बापाक, पायांकडे बघा जरा."

त्यांनी पाहिलं. "डावा माझाच आहे," ते म्हणाले. "उजव्याची खात्री देता येत नाही."

"हसू नका. परवा चष्मा फ्रीजमध्ये निघाला. आज ही चप्पल."

"मशिदीबाहेर हीच उरली होती, पोरी. कुणीतरी घाईत माझी घालून गेला. त्याच्या घरी काही अडचण असेल."

"कुणी नाही. तुम्हीच विसरायला लागलात."

ते सोतोत लिंबू पिळत राहिले. मग पंपकेंद्राचा विषय निघाला. शेजारच्या तांबाकवांगी पंपकेंद्रात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, निवृत्तीला चार महिने उरले होते.

"टपालघराची किल्ली मी तीन महिन्यांपूर्वी बदलली," ते म्हणाले. "जुनी राखणदाराच्या जुडग्यातून काढून टाकली. हाताखालच्या विदुरीला सांगायचं राहिलंय. सोमवारी बसवून सगळं शिकवतो. मी गेल्यावर तिलाच बघायचं आहे."

"हं," निकेन म्हणाली. ती फोनवर काहीतरी वाचत होती.

दोन्ही चपला पायरीवर ठेवून त्यांनी कामाचे बूट चढवले. "संध्याकाळी चहा एकत्र घेऊ," ते दारातून म्हणाले. निकेनने मान वर न करताच हो म्हटलं.

साडेतीनला समुद्राची भरती बांधाच्या दारांपर्यंत चढली. भोंगा वाजला नाही. पंपही सुरू झाले नाहीत. बांधाखालच्या वस्तीत, अठ्ठावीस घरांत, कमरेइतकं पाणी शिरलं. पाक मार्तोनो तळघरात उतरले आणि त्यांनी दोन पंप हाताने चालू केले. वस्तीतलं पाणी ओसरायला लागलं तेव्हा ते पाण्याने भरलेल्या तळघरातच होते.

*

वडील गेल्याच्या तेहेतिसाव्या दिवशी निकेन बू पर्तिवींकडे आली. पुरुषाला आदराने पाक म्हणतात, तसं बाईला बू.

जावा बेटावरच्या समारांग शहरात, जुन्या बाजारात, एका बाटिकच्या दुकानामागे बू पर्तिवींची खोली होती. वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी खरे-खोटे अपघात तपासले, आता लोकांसाठी तपासत. सोबतीला गुनार्सो, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला हा भला माणूस गाडी चालवी, वह्या सांभाळी आणि खायची वेळ चुकवत नसे.

"सात दिवसांनी बापाकांचा चाळिसावा दिवस आहे," निकेन म्हणाली. "घरी प्रार्थना ठेवायची आहे. आमच्या गल्लीतलं कुणी येणार नाही. सातव्या दिवशीही आलं नव्हतं. मी चटया अंथरल्या आणि इमामांसोबत एकटीच बसले."

"कारण?"

तिने चौकशीचा अहवाल पुढे ठेवला. "लोक म्हणतात, बापाकांमुळे वस्ती बुडाली. वस्तीतल्या पाक कास्दींची आजारी आई त्या पाण्यात गेली."

"मला यंत्रातलं काही कळत नाही," बू पर्तिवी म्हणाल्या. "मी दहा वर्षांची आहे असं समजून सांगा."

निकेनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मी दहा वर्षांची असताना बापाकांनी जसं सांगितलं होतं, तसंच सांगते. नदीवर आणि बांधावर पाणी मोजणारी यंत्रं आहेत. ती दर मिनिटाला निरोप पाठवतात, पाणी इतकं आहे म्हणून. ते निरोप एका संगणकात जमतात. पुस्तकात त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात, केंद्रात सगळे टपालघर म्हणतात. पंप आणि भोंगा तिथून आपापले निरोप उचलतात आणि त्याप्रमाणे वागतात."

"आणि कुणी उचललेच नाहीत तर?"

"ढीग साचतो. असं अधूनमधून होतं, एखादा उचलणारा अडकून बसतो. म्हणून बापाकांनी टपालघरावर राखणदार बसवला होता. तोही एक प्रोग्रामच. टपालघरात डोकावून ढीग मोजायचा आणि वाढला की ओरडायचा. बापाक जाऊन अडकलेला उचलणारा सोडवत, दोन मिनिटांचं काम. पण आत डोकावायला राखणदाराला नाव आणि परवलीचा शब्द लागतो. बापाक त्याला किल्ली म्हणत."

बू पर्तिवींनी अहवाल वाचला. दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी मार्तोनो यांच्या नावाने राखणदार उघडला गेला. त्यानंतर टपालघराला पाच वेळा चुकीचा शब्द दिला गेला. पाच चुकांनंतर टपालघर ते नाव बंद करून टाकतं. राखणदार आंधळा झाला, दुपारी उचलणारे अडकले तेव्हा साचलेला ढीग त्याला दिसला नाही, आणि मार्तोनो यांनी ही चूक कुणाला सांगितली नाही.

पुढच्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि बापाक. आई जाऊन नऊ वर्षं झाली."

"हं." त्यांनी अहवाल मिटला. "त्या दिवशीची आणखी काही वस्तू आहे?"

निकेनने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन चपला काढल्या आणि त्या कशा घरी आल्या ते सांगितलं. सांगताना तिने खाली पाहिलं. बू पर्तिवींनी उजवी चप्पल उलटीपालटी केली. वरच्या पट्ट्यावर मुगाएवढी जळकी भोकं होती, सातआठ.

"सिगारेट," गुनार्सो म्हणाला.

"सिगारेट ओढणारा राख एकाच पायावर झाडतो का, गुनार्सो?"

"वहिनी, आळशी असेल तर झाडेलही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पंपकेंद्रावर पोचले. फाटकासमोर साते विकणाऱ्याची गाडी उभी होती, निखाऱ्यांवर मांसाच्या काड्या भाजल्या जात होत्या. गाडीला पाटी होती: शुक्रवारी साडेअकरा ते एक बंद.

"आधी पोट," गुनार्सो म्हणाला.

"आधी काम."

केंद्रप्रमुख पाक हेर्लांबांग यांनी त्यांना बसवून घेतलं आणि गोड चहा मागवला. माणूस नीटनेटका आणि आवाज मऊ होता.

"मार्तोनोंसारखा माणूस पुन्हा होणे नाही," ते म्हणाले. "पण वय कुणाला सोडतं? आम्ही कुणीच त्यांना बोलत नव्हतो. आमच्यात तसं बोलत नाहीत, तुम्ही जाणताच."

"बारा वाजता ते नमाजाला गेले नव्हते का?"

"मी स्वतः पहिल्या रांगेत होतो. मला काही ते दिसले नाहीत."

"पहिल्या रांगेतल्याला मागचं कसं दिसणार?" गुनार्सो म्हणाला. प्रश्न त्याने भाबडेपणानेच विचारला होता.

पाक हेर्लांबांग हसले. बू पर्तिवी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होत्या. त्याच शुक्रवारी एक वाजता काढलेला फोटो. नवीन पंपनियंत्रक बघायला महापालिकेचे पाहुणे आले होते, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापुढे दहाजण ओळीने उभे होते. पडद्यावर हिरव्या दिव्यांची रांग, एका दिव्याशेजारी बारीक पिवळी खूण, शेवटचा दिवा नव्या यंत्राचा. नऊजण कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. टोकाला उभ्या असलेल्या एका बाईने मान मागे, पडद्याकडे वळवली होती.

"ही कोण?"

"विदुरी. मार्तोनोंच्या हाताखाली अकरा वर्षं होती. फोटोत नीट उभं राहायला काही शिकली नाही."

"फोटोत मार्तोनो नाहीत."

"जेवायला घरी गेले होते. दीडला आले. पाहुणे तीनपर्यंत होते."

"नवं यंत्र राखणदाराच्या यादीत कुणी घातलं?"

चहाचा पेला बशीवर जरा जोरात टेकला. "मार्तोनोंनीच असणार. त्यांच्याच नावाने झालंय."

नव्या यंत्राबरोबर कंपनीचा माणूस आलेला होता. त्याचं नाव स्टेफानुस. चर्चला जाणारा, त्यामुळे शुक्रवारी दुपारी केंद्रातच होता. त्याने बू पर्तिवींना तळघराच्या जिन्याशी गाठलं. आवाज खाली आणून बोलत होता, पण बोलायला मिळालं म्हणून त्याला बरं वाटलेलं दिसत होतं.

"बाराला मी वर छतावर तारा ओढत होतो. खाली आलो तर आमचं यंत्र पडद्यावर हिरवं. मला वाटलं पाक मार्तोनो लवकर परतले. पण एक गोष्ट मला खटकली, बू. आमचं यंत्र दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतं. हे बघा."

त्याने कागद दाखवला. बारा वाजून चार मिनिटं, एकतीस सेकंद: टपालघराचं नाव, चुकीचा शब्द. त्याच सेकंदाला पुन्हा. पाच ओळी, पाचही एकतिसाव्या सेकंदाच्या. सहाव्या ओळीत बरोबर शब्द आणि आत प्रवेश.

"हे तर तुमचं यंत्र. चुका टपालघरावर झाल्या ना?" गुनार्सो म्हणाला.

"तेच तर. टपालघराची चुकीची किल्ली कुणी आमच्या यंत्राला कशाला लावेल?"

"माणूस लावणार नाही," बू पर्तिवी सावकाश म्हणाल्या. "बरं, फोटोत टपालघराच्या हिरव्या दिव्याशेजारी एक पिवळी खूण आहे. ती काय?"

स्टेफानुसने मान खाली घातली. "हिरवा दिवा म्हणजे यंत्र जिवंत आहे, हाक मारली की ओ देतं. पिवळी खूण म्हणजे आत जाता येत नाही. लांबून नुसतं हिरवंच दिसतं. मी नवा माणूस, त्यांचा पडदा मला कुठे ठाऊक? नंतर कळलं."

विदुरी कंट्रोल रूममध्ये एकटी बसली होती. चाळिशीला टेकलेली, डोक्यावर करडा रुमाल नीट बांधलेला. टेबलावर मार्तोनोंचा चहाचा पेला तसाच होता, धुऊन पालथा घातलेला.

"बाराला तुम्ही कुठे होता?"

"जेवायला गेले होते. फाटकाबाहेर, पाक कास्दींच्या गाडीवर. दहा काड्या आणि भात."

"किती वाजता परतलात?"

"साडेबारा असतील."

"शुक्रवारी दुपारी केंद्रात कोण उरतं?"

"पुरुष सगळे मशिदीत. मी... आणि त्या दिवशी स्टेफानुस."

"मार्तोनो विसराळू झाले होते का हो?"

विदुरीचे डोळे भरले. "नाही," ती म्हणाली. मग पालथ्या पेल्याकडे बघत, "मला माहीत नाही. अहवालात तसं लिहिलंय."

बाहेर येताच गुनार्सो सातेच्या गाडीकडे वळला. "वहिनी, आता तरी?"

"आता खाऊ. आणि खाता खाता फोनवर एखादा आठ अक्षरी शब्द पाच वेळा लिहून दाखव."

गुनार्सोने शब्द लिहिला. एक हात सातेच्या काडीत गुंतलेला होता. पाच वेळा लिहायला त्याला दोन मिनिटं लागली, त्यातली दोन चुकली.

"काडी खाली ठेवलीस तर?"

"तरी एका सेकंदात पाच? वहिनी, मी माणूस आहे."

"तेच म्हणते आहे मी."

गाडीवाला डाव्या हाताने काड्या फिरवत होता, उजव्याने पंखा हलवत होता. ठिणग्या उडून त्याच्या उजव्या पायावर पडत होत्या. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. नव्या चपलेच्या पट्ट्यावर दोन भोकं पडलेली होती.

"पाक कास्दी," बू पर्तिवी म्हणाल्या, "तुमची जुनी उजवी चप्पल हरवली होती का?"

त्याचा पंखा थांबला. त्याने पिशवीतली चप्पल पाहिली, मग वर पाहिलं. "ही कुठे मिळाली?"

"मार्तोनोंच्या पायरीवर."

त्याचा जबडा आवळला. "त्या माणसाचं नाव माझ्या गाडीपाशी काढू नका. त्याच्यामुळे माझी आई गेली."

"नाव काढत नाही. चपलेचं विचारते. कधी हरवली?"

त्याने राख झटकून निखारे पुढे ओढले. "त्याच शुक्रवारी. नमाज संपला तसा मी पहिला उठलो. आई घरात एकटी, अंथरुणाला खिळलेली, म्हणून घड्याळावर माझा डोळा असायचाच. इमामांनी सलाम फेरला तेव्हा बारा अठरा झाले होते. पायाला लागल्या त्या चपला घातल्या आणि पळालो. घरी पोचल्यावर पाहिलं, उजवी परकी होती. पुढच्या शुक्रवारी परत करणार होतो. त्याच दुपारी पाणी आलं. मग कसली चप्पल आणि कसलं काय."

"ती परकी चप्पल आहे अजून?"

"आईच्या खाटेखाली असेल. पाण्यात गेली नसेल तर."

"मशीद इथून किती लांब?"

"चालत वीस मिनिटं."

"त्या दिवशी बारा वाजता गाडी उघडी होती?"

त्याने पाटीवर पंखा आपटला. "वाचता येतं ना, बू? अठरा वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही."

बू पर्तिवी त्याच्याजवळ गेल्या आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्याने पुन्हा पंखा हलवायला घेतला.

*

चाळिसाव्या दिवशी असरनंतर, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर, निकेनने चटया अंथरल्या. बारा माणसांचं जेवण केलं होतं. आले ते इमाम, बू पर्तिवी, गुनार्सो, आणि पर्तिवींनी बोलावलेले तिघे: पाक हेर्लांबांग, स्टेफानुस, विदुरी. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत उभी होती, कुंपणाच्या पलीकडे. ती ना आत येत होती, ना जात होती.

"प्रार्थनेआधी मला थोडं बोलायचं आहे," बू पर्तिवी म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दामच चढा ठेवला होता, कुंपणापलीकडे जाईल इतका.

"अहवाल म्हणतो, बारा वाजून चार मिनिटांनी मार्तोनोंनी आपल्या हाताने पाच वेळा चुकीचा शब्द लिहिला. पण त्याच मिनिटाला स्टेफानुसच्या नव्या यंत्रालाही पाच चुकीचे शब्द लावले गेले, एकाच सेकंदात. कुठलाही माणूस इतक्या वेगाने लिहीत नाही, आणि टपालघराची किल्ली कुणी पंपाला लावून बघत नाही. हे काम राखणदाराचंच. गल्लीत नवं घर बांधलं की राखणदाराला ते शोधायला पाठवावं लागतं, हो ना, स्टेफानुस?"

"हो. पत्ता दिला की तो दार ठोठावतो आणि जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून, न लागणारी पाच-पाच वेळा, लावून बघतो. लागली की घराचं नाव यादीत चढवतो."

"एकच पत्ता दिला तर एकच दार. सगळी गल्ली दिली तर?"

"तर प्रत्येक दारावर प्रत्येक किल्ली. टपालघराच्या दारावरसुद्धा."

"आणि जुडग्यात एखादी जुनी, रद्द झालेली किल्ली असली, तर टपालघराला वाटणार कुणी चोर आलाय. पाच चुका झाल्या की दार बंद. त्यानंतर खरी किल्लीही चालत नाही. पण हाक मारली की टपालघर ओ देतंच, म्हणून दिवा हिरवा राहतो." त्या निकेनकडे वळल्या. "त्या दुपारी जेवताना तुमचे वडील काय म्हणाले होते? मला नंतर सांगितलंत ते."

"जुनी किल्ली जुडग्यातून काढून टाकली," निकेन म्हणाली. "विदुरीताईंना सांगायचं राहिलंय."

"म्हणजे जुनी किल्ली पुन्हा जुडग्यात घालणारा माणूस मार्तोनो असू शकत नाही. ती रद्द झाल्याचं ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानेच ती घातली."

"हे सगळे तर्क झाले," पाक हेर्लांबांग मऊपणे म्हणाले. "नाव त्यांचंच होतं. ते त्या वेळी मशिदीत होते, हे कुणी पाहिलंय?"

"चपलेने," बू पर्तिवी म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही चपला चटईच्या कडेला ठेवल्या. "नमाज संपला बारा अठराला. सगळ्यात आधी बाहेर पडलेल्या माणसाने घाईत मार्तोनोंची उजवी चप्पल घातली आणि आपली मागे ठेवली. म्हणजे बारा अठराला मार्तोनोंच्या चपला मशिदीच्या पायरीवर होत्या. वीस मिनिटांवरच्या पंपकेंद्रात बारा चारला बसलेला माणूस आपल्या चपला मशिदीत ठेवून आला होता का?"

"अनवाणी गेले असतील," गुनार्सो म्हणाला, आणि सगळ्यांनी पाहिल्यावर ओशाळला. "म्हणजे... मग परत दुसऱ्याची चप्पल घालायला वीस मिनिटं कशाला चालत येतील? बरोबर आहे."

"कुणाची चप्पल? सांगणारा कुठाय?" हेर्लांबांग म्हणाले.

कुंपणाचं फाटक करकरलं. पाक कास्दी आत आला. त्याच्या हातात चिखल वाळून कडक झालेली एक चप्पल होती. वाकून त्याने ती डाव्या चपलेशेजारी ठेवली. जोडी जुळली.

निकेनने तोंडावर हात धरला.

"शुक्रवारी बाराला केंद्रात दोनच माणसं होती," बू पर्तिवी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "स्टेफानुसला मार्तोनोंचा शब्द ठाऊक नव्हता. दुसरं माणूस म्हणालं, मी कास्दींच्या गाडीवर जेवत होते. शुक्रवारी त्या वेळी ती गाडी बंद असते, कारण कास्दी मशिदीत असतात. आणि एक वाजताच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना एकच माणूस पिवळ्या खुणेकडे बघत होतं."

विदुरी उठून उभी राहिली. रुमालाचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"दोन वर्षांपूर्वी ते आजारी होते तेव्हा त्यांनी मला त्यांचा शब्द दिला होता. किल्ल्याही माझ्या वहीत लिहून दिल्या होत्या. पाक हेर्लांबांग नमाजाला निघताना दारात थांबले. म्हणाले, पाहुणे आल्यावर नवं यंत्र पडद्यावर हिरवं दिसलं तर किती छान वाटेल, नाही? एवढंच म्हणाले."

"मी हुकूम दिला नव्हता," हेर्लांबांग म्हणाले.

"तुम्ही कधीच देत नाही, पाक. आम्ही ऐकतो." ती निकेनकडे वळली. "मी वहीतल्या सगळ्या किल्ल्या घातल्या आणि सगळी गल्ली दिली. असं कधी केलं नव्हतं मी. पिवळी खूण लगेच दिसली. दीडला ते आले. मी त्यांच्याकडे गेले. ते पाहुण्यांना पंप दाखवत होते, आनंदात होते. पाहुण्यांसमोर कसं सांगणार, की तुमचं नाव वापरून मी घोळ घातला? म्हटलं, तीनला पाहुणे गेले की सांगते. तीनला ते गेले. मग वाटलं, त्यांना चहा घेऊ द्यावा, मग सांगावं."

विदुरीने मुठीतलं रुमालाचं टोक सोडलं.

"त्यांनी पाणी आधी डोळ्यांनी पाहिलं. पळत खाली गेले. जाता जाता मला म्हणाले, विदुरी, तू वरच थांब. दुसऱ्या दिवशी मी पाक हेर्लांबांगना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसाला कशानेच दुखत नाही."

"अहवालात सेकंद लिहिलेले नाहीत," बू पर्तिवी हेर्लांबांगना म्हणाल्या. "मूळ नोंदीत होते. ते वाचूनच गाळलेत. स्टेफानुसचा कागद आणि हे सगळं काल चौकशी कचेरीत पोचलंय."

पाक हेर्लांबांग उठले. निरोपाचे शब्द अर्ध्यावर आले आणि थांबले. कुणी त्यांना दारापर्यंत पोचवायला उठलं नाही. विदुरी मात्र जागची हलली नाही. निकेनने तिच्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळाने चटईवरची थोडी जागा सरकून मोकळी केली.

पाक कास्दी अजून उभाच होता. "त्या दिवशी पाणी आणखी तासभर चढलं असतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तर माझी पोरंही गेली असती. पंप त्यानेच चालू केले ना?" उत्तराची वाट न बघता तो चटईवर बसला. मग फाटकातून एकेक करून माणसं आत यायला लागली. चपला पायरीवर उतरत होत्या.

गुनार्सो अहवालाची पानं चाळत होता. "वहिनी, एक राहिलं," तो कुजबुजला. "ही ओळ. घरच्या व्यक्तीच्या म्हणण्यानुसार अलीकडे ते विसराळू झाले होते. हे कुणी..."

बू पर्तिवींनी त्याच्या हातातून पानं काढून घेतली आणि मिटली. "ते माझ्या कामाचं नाही."

पण निकेनने ऐकलं होतं.

इमामांनी पुस्तक उघडलं होतं. तिने हात वर केला. ते थांबले. सगळी गल्ली बसलेली होती. वाफाळता भात मध्ये होता, आणि दाराशी वडिलांच्या चपलांची जोडी. तिने त्या जोडीकडे तोंड केलं.

"घरची व्यक्ती म्हणजे मी," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी चौकशीवाले आले. त्यांनी विचारलं आणि मी चपलांचं सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं. कुणी माझ्या तोंडून काढून घेतलं नाही. तुम्ही मला म्हणाला होतात, कुणीतरी घाईत होता, त्याच्या घरी काही अडचण असेल. तसंच होतं."

पाक कास्दीने मान खाली घातली.

निकेनचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही.

"तुम्ही खरं सांगत होतात, बापाक. मी विश्वास ठेवला नाही. सगळ्यांच्या आधी मीच ठेवला नाही."